वाद्याची मूळ आज्ञावली

इंग्लंडमधील आयगेनलॅब्स या कंपनीने २००९ साली ‘आयगेनहार्प अल्फा’ हे वाद्य प्रसिद्ध केले. त्याला १२० मुख्य कळा आहेत. प्रत्येक कळ बोटाचा दाब तर ओळखतेच, शिवाय बोट कोणत्या बाजूस कलले हेही टिपते. परंतु हे वाद्य स्वतः स्वरनिर्मिती करीत नाही. हालचालींचे आकडे ते यूएसबी तारेवाटे संगणकाकडे धाडते. तेथे त्यांचा अर्थ लावणारी ड्रायव्हर लायब्ररी नसेल, तर निष्णात वादकाच्या हातीही ते मुकेच.

येथे श्रोत्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. तयार लायब्ररी विशिष्ट प्रोसेसरच्या यंत्रभाषेत असते. इंटेलसाठी घडविलेली प्रत आर्म प्रोसेसरला उमगत नाही. निर्मात्याने नवी प्रत दिली नाही, तर धडधाकट वाद्यही निकामी ठरते. आयगेनलॅब्सने आपली बरीचशी मूळ आज्ञावली जीपीएल परवान्याखाली खुली केली, हे तिचे खरे औदार्य. त्या आज्ञावलीवरून कंपायलर नव्या यंत्रासाठी लायब्ररी पुन्हा घडवितो. अर्थात काम सुरळीत होतेच असे नाही: एखादी सहायक लायब्ररी गहाळ निघते, ३२ बिटांचे जुने गृहीत ६४ बिटांवर कोसळते. लिनक्सवर तर यूएसबी साधन थेट हाताळण्याची मुभा सामान्य वापरकर्त्यास सहसा नसते. ती एका छोट्या नियम-फाइलीने द्यावी लागते. ती राहून गेली, तर लायब्ररी निर्दोष घडूनही कळा निःशब्दच राहतात.