शिवी नसलेलं वाक्य
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शहापूर आणि मुरबाडच्या गावागावांतून एसटीने येणारे आपण, आज इतक्या वर्षांनी पुन्हा एकत्र बसलो आहोत. आताच माझी ओळख 'संगणकाला मराठी शिकवणारा' अशी करून दिली गेली. माझं शुद्धलेखन तपासणाऱ्या बाई समोरच बसल्या आहेत, तेव्हा जपून बोलतो.

समाजमाध्यमांवर इतका मजकूर येतो की माणसांनी वाचून तो संपणार नाही. त्यातला द्वेष संगणकाने ओळखायचा, तर आधी त्याला उदाहरणं द्यावी लागतात. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये 'महाहेट' नावाचा संच तयार केला. त्यात २५,००० हून अधिक मराठी ट्वीट माणसांनी वाचून चार प्रकारांत लावली आहेत: द्वेषपूर्ण, अपमानकारक, शिवराळ आणि यांपैकी काहीच नसलेली.

मी करतो त्या कामात एक वाक्य तिघे वाचतात आणि बहुमताचा शिक्का बसतो. संगणक त्या शिक्क्यांवरूनच शिकतो. शिक्का मारणाऱ्याचा कान जसा, तसाच यंत्राचा कान.

एकदा "कवा आलास रं मेल्या?" असं वाक्य आलं. माझी आजी मला याच शब्दांत जवळ घ्यायची. शहरात वाढलेल्या माझ्या दोन सहकाऱ्यांनी ते अपमानकारक ठरवलं. मी एकटा पडलो. अमेरिकेतही २०१९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांना असंच आढळलं होतं. कृष्णवर्णीयांच्या बोलीतली ट्वीट आक्षेपार्ह ठरण्याची शक्यता दुपटीपर्यंत जास्त होती.

याची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. अशा निरोपात शिवी नसतेच. "आपल्या मुलांना जपा," असा काळजीचा सूर असतो. शिव्या शोधणारं यंत्र त्याला सहज सोडून देतं.

हे शिकताना मला आपला सातवीचा वर्ग आठवला. एकाची कंपासपेटी हरवली. "आधी वाडीवरच्याचं दप्तर बघा," असं कुणीतरी म्हणालं. ते म्हणणारा मीच होतो. त्या वाक्यात एकही वाईट शब्द नव्हता. दप्तर उलटं केलं, त्यात काही निघालं नाही. पेटी दुसऱ्या दिवशी मालकाच्याच घरी सापडली. आमचा तो कातकरी सोबती दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर वीटभट्टीवर गेला आणि परत वर्गात आला नाही. तो भट्टीमुळे गेला की आमच्यामुळे, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

म्हणून दोन विनंत्या. आपल्या ग्रुपवर 'हे लोक' असा निरोप आला, तर पुढे पाठवण्याआधी त्या लोकांत आपला कुणी वर्गमित्र होता का, ते आठवा. आणि आपापल्या गावची बोली मला लिहून पाठवा. यंत्राने ती आपल्याच माणसांकडून शिकावी.

आज तो सोबती इथे नाही. पुढच्या मेळाव्याचं निमंत्रण घेऊन मी त्याच्या वाडीवर जाणार आहे. बरोबर कोण येतंय, ते जेवणाआधी सांगा.