प्रवेश मिळाल्यानंतर



दरवर्षी जून-जुलैत आपल्या घराघरांत प्रवेशाची चर्चा असते. कटऑफ किती लागला, फी किती, वसतिगृह मिळालं का, जातीचा दाखला वेळेत हाती आला का. ही चर्चा व्हायलाच हवी. महाविद्यालयाच्या दारातून आत पाऊल ठेवता यावं म्हणून इथे कित्येक पिढ्या झगडल्या आहेत. मला आज बोलायचं आहे ते त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांबद्दल. मुलगा वर्गात येऊन बसला, हजेरीपटावर नाव चढलं, आणि पहिल्या सत्राच्या निकालात तो गणितात राहिला, भौतिकशास्त्रातही राहिला. पुढच्या वर्षी तो वर्गात दिसत नाही. प्रवेशाच्या आकड्यांत त्याची मोजणी झालेली असते, त्यामुळे तो गेल्याची दखल कुणी घेत नाही.

मी आयुष्यभर पदवीच्या वर्गांना गणित शिकवलं. या मुलांबद्दल स्टाफरूममध्ये काय बोललं जातं ते मला पाठ आहे. पाया कच्चा आहे, घरात शिक्षणाचं वातावरण नाही, परिस्थिती नाही, आणि मुळात शिकायची इच्छाच नाही. चारही कारणं मुलाच्या गळ्यात. शिकवण्याच्या पद्धतीपर्यंत त्यातलं एकही पोचत नाही. नेमकी हीच चार कारणं एका माणसाने हाती घेऊन तपासली होती. ती हकिकत कॅलिफोर्नियातली आहे, पण ऐकताना तुम्हाला आपल्या तालुक्याचं महाविद्यालय आठवेल.

१९७० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्राइसमन नावाचा तरुण गणितात संशोधन करत होता. पहिल्या वर्षाला कलन, म्हणजे कॅल्क्युलस, शिकवणाऱ्या साहाय्यक शिक्षकांना तयार करण्याचं कामही त्याच्याकडे होतं. कलन सुटलं तर अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या पुढच्या वाटा मोकळ्या, नाही सुटलं तर त्या बंद. आधीच्या दहा वर्षांत पहिल्या सत्राचं कलन पुरं करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ६० टक्क्यांना डी किंवा एफ श्रेणी मिळाली होती. प्राध्यापकांना विचारलं, असं का होतं? उत्तरं हीच चार.

ट्राइसमनने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले. चिनी वंशाची मुलं या विषयात पुढे असत. दीड वर्ष तो या मुलांच्या मागे राहिला. ती राहत होती तिथे गेला, अभ्यास करताना त्यांचं चित्रीकरण केलं. आणि कारणं एकेक करून गळून पडली. इच्छा नाही म्हणावं, तर ही मुलं आपापल्या शाळांतून पुढे येऊन, मोठ्या हिमतीने इथवर पोचली होती. घरचं पाठबळ नाही म्हणावं, तर मूल कॉलेजात जाणारच, हे कित्येक आईबापांनी ते जन्मायच्या आधीच ठरवलं होतं. शाळेत चांगले गुण मिळवलेली मुलंही कलनात आपटत होती, म्हणजे कच्च्या पायानेही सगळा उलगडा होईना.

फरक होता तो वर्ग सुटल्यानंतरच्या वागण्यात. एका तासाला घरी दोन तास अभ्यास करा, असं सगळ्यांना सांगितलेलं असे. कृष्णवर्णीय मुलं ते प्रामाणिकपणे पाळत. आठवड्याला सहा ते आठ तास, प्रत्येक जण आपापल्या खोलीत, एकटा. त्यांचे मित्र वेगळे आणि अभ्यास वेगळा. चिनी वंशाची मुलं आठवड्याला सुमारे चौदा तास कलनाला देत. त्यातले आठ-दहा तास तीही एकटीच बसत, पण संध्याकाळी एकत्र जमत. एकमेकांची उत्तरं तपासत, चुका काढत, एकमेकांचं इंग्रजीही सुधारत. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत. कधी कुणाचा मोठा भाऊ किंवा चुलतभाऊ येऊन त्यांची परीक्षा घेई. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर ते खरोखर अवघड आहे हे त्यांना कळे, आणि कुणी मनाला लावून घेत नसे. एकट्या बसलेल्या मुलाला मात्र तेच गणित अडलं की वाटे, कमी पडतोय तो मीच.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा वर्ग उभा राहिला. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकं हाती आलेली मुलं. सकाळच्या पहिल्या एसटीने येणारी, दुपारची गाडी चुकली तर अंधार पडल्यावर घरी पोचणारी. तास संपला की ती स्टँडवर असत. शहरात राहणाऱ्या मुलांचा खरा अभ्यास त्यानंतर सुरू होई, क्लासमध्ये, मित्राच्या घरी, शिकलेल्या आईबापांसमोर. विद्यापीठाने दोघांना एकच तास दिला होता. बाकीचं ज्याला घरून मिळालं त्याला मिळालं.

ट्राइसमनने पुढे जे केलं त्यात त्याची खरी कल्पकता आहे. त्याने कच्च्या मुलांसाठी जादा वर्ग काढला नाही. विद्यापीठात अशी मदत आधीपासून होती, आणि ज्या मुलांनी ती घ्यावी असं वाटे तीच तिच्यापासून दूर राहत, कारण तिथे जाणं म्हणजे आपण कमी आहोत हे मान्य करणं. त्याने निराळं आमंत्रण दिलं. तुम्ही हुशार आहात, तेव्हा वर्गातल्यापेक्षा अवघड गणितं सोडवायला या. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास. समोर विचारपूर्वक तयार केलेल्या प्रश्नांचा कागद, भोवती सोबती, आणि शिक्षक उत्तर न सांगता टेबलाटेबलांवरून फिरणारा. प्रवेशाच्या गणित चाचणीत ८०० पैकी सहाशेच्या थोडे वर गुण असलेली कृष्णवर्णीय मुलं या कार्यशाळेनंतर साडेसातशेच्या आसपास गुण असलेल्या गोऱ्या आणि आशियाई मुलांच्या बरोबरीने कलनात उतरली.

त्या कागदावर काय असतं याचा नमुना मी माझ्या वर्गातला देतो. विकलन म्हणजे सूत्र लावायचं, एवढं मुलांना बारावीत पक्कं झालेलं असतं. सूत्र विचारलं की सगळे हात वर. मी चौघांच्या गटाला एक्सच्या केवल मूल्याचा आलेख काढायला सांगत असे, इंग्रजी व्ही अक्षरासारखा, टोक शून्यावर. प्रश्न एकच, या टोकावर विकलज किती? एक जण म्हणतो, शून्य, कारण तिथे सगळ्यात खालचा बिंदू आहे. दुसरी म्हणते, उजवीकडून चढ एक आहे. तिसरा म्हणतो, मग डावीकडून उणे एक आहे, त्याचं काय? मग भांडण. कागदावर पट्टी ठेवून टोकाशी स्पर्शिका काढायचा प्रयत्न होतो, आणि पट्टी वाटेल तशी फिरते. पंधरा मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, तिथे विकलज नाहीच. हे सगळं मराठीत, आपापल्या बोलीत चालतं. मग चौघं मिळून तेच उत्तर इंग्रजीत लिहितात, कारण परीक्षेत तसं लिहावं लागणार असतं. मी दोन तास फळ्यावर सिद्ध करून दाखवलं असतं तर ते वहीत उतरलं असतं. या पंधरा मिनिटांत ते त्यांचं झालं.

बर्कलीने नवा शोध लावला असं मात्र मी म्हणणार नाही. मुलांना एकत्र ठेवणं आणि त्यांच्याकडून मोठी अपेक्षा धरणं, हे आपल्याकडे दोन माणसांनी फार आधी करून ठेवलं आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, एकत्र काम करत, एकत्र अभ्यासाला बसत. बोर्डिंग चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ साली साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं ते कमवा आणि शिका या पायावर. कमवा आणि शिका म्हटलं की आपल्याला फीची सोय आठवते. पण अंगमेहनत करून शिकणारा मुलगा तिथे एकटा नव्हता, त्याच्यासारखे अनेक होते. शिकणाऱ्याला आपल्यासारखे सोबती लागतात, हे भाऊरावांनी ओळखलं होतं.

दुसरं उदाहरण औरंगाबादचं, आजच्या छत्रपती संभाजीनगरचं. १९४८ मध्ये मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला, आणि दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तिथे कॉलेज सुरू केलं. तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ व्हायला अजून आठ वर्षं होती. महाविद्यालयाच्या नागसेनवन या परिसरात वर्गांच्या जोडीला वसतिगृहं होती, म्हणजे तास संपल्यावर मुलं पांगत नसत. प्राचार्य म. भि. चिटणिसांनी विद्यार्थ्यांना रंगमंचावर उभं केलं, त्यांच्यासाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. याच परिसरात गंगाधर पानतावणे शिकवत होते, आणि दलित साहित्याला व्यासपीठ देणारं ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक त्यांच्याच हातून उभं राहिलं. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं त्या मुलांना तिथे लेखक व्हायची मुभा मिळाली. त्यांना उत्तीर्णांच्या यादीत कसंबसं बसवणं, एवढंच त्या संस्थेने आपलं काम मानलं नाही.

म्हणून ‘रेमेडियल’ या नावाखाली आपल्या महाविद्यालयांत जे चालतं त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. अनुदान येतं, वेळापत्रक लागतं, सवलतीच्या यादीतली नावं वाचून मुलांना बोलावलं जातं, आणि तोच धडा तसाच पुन्हा शिकवला जातो, फक्त सावकाश. हेतू चांगला असेल. पण मित्रांदेखत अशा वर्गाकडे वळताना त्या मुलाची मान खाली जाते, हे आपण पाहिलं पाहिजे.

मुलाची मान ताठ ठेवूनही मदत करता येते. अमेरिकेतच बाल्टिमोरजवळच्या मेरिलँड विद्यापीठात १९८८ मध्ये मायरहॉफ शिष्यवृत्ती सुरू झाली. ती उभी करणारे फ्रीमन ह्राबॉव्स्की बारा वर्षांचे असताना, १९६३ मध्ये, बर्मिंगहॅमच्या नागरी हक्कांच्या मोर्चात तुरुंगात गेले होते, आणि पुढे गणिती झाले. त्यांनी नुसते पैसे वाटले नाहीत. मुलांना पहिल्या सत्राआधीच्या उन्हाळ्यात बोलावून एकत्र ठेवलं आणि गटाने अभ्यास करायची सवय लावली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी घडवण्यात त्या विद्यापीठाचं नाव आज अमेरिकेत आदराने घेतलं जातं.

आता अडचणी. आमचे तरुण शिक्षक विचारतील, आणि त्यांना तो हक्क आहे, की हे करायचं कुणी? कितीतरी जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक दोन-तीन महाविद्यालयांत धावतो आहे, पगार वेळेवर नाही. अशा माणसाकडून आठवड्याला आणखी चार तास मागणं अन्याय आहे. म्हणून हे काम शिक्षकाच्या चांगुलपणावर सोडता कामा नये. कार्यशाळेचे तास त्याच्या कार्यभारात धरले पाहिजेत आणि त्यांचा मोबदला दिला पाहिजे. तिसऱ्या वर्षाची मुलं गटांत मदतनीस म्हणून बसवता येतात. कमवा आणि शिका योजनेतून ग्रंथालयात, बागेत काम दिलं जातं, तसं हेही काम देता येईल. आणि हे तास दुपारच्या एसटीच्या आधी संपले पाहिजेत. संध्याकाळी ठेवले तर खेड्यातून येणाऱ्या मुली पहिल्याच आठवड्यात गळतील, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप करायचा त्याच त्यात नसतील.

इथे बसलेल्यांपैकी कुणी संस्थाचालक आहेत, कुणी प्राध्यापक, कुणी निवृत्त अभियंते आणि बँकेतले अधिकारी. माझी तुम्हाला एक विनंती आहे. यंदा महाविद्यालयं उघडली की आपल्या गावच्या महाविद्यालयात जा आणि प्राचार्यांना दोन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांपैकी दुसऱ्या वर्षाला किती पोचली? आणि तास संपल्यावर या मुलांना चौघाचौघांनी बसून अभ्यास करायला एखादी खोली उघडी असते का? नसेल, तर ती उघडून घ्या, आणि आठवड्यातले दोन तास तुम्ही स्वतः तिथे जाऊन बसा.