मुलं चिकाटी कुणाकडून शिकतात?

(१९९० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "तुझी दोन्ही मुलं मार्गाला लागली, तू 'मुलांना घडवताना' या विषयावर बोल. तुमच्या घरात देवाधर्माची शिस्त असते, तेही सांग." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाबरले. कारण माझा मुलगा मध्ये दोन वर्षं माझ्याशी धड बोलत नव्हता आणि चर्चची पायरी चढत नव्हता. अशा आईने भाषण काय करायचं? पण खोटं बोलायचं नाही, असं ठरवून आले आहे. सर, चुकलं तर पूर्वीसारखं मध्येच थांबवा.

तुम्हाला आठवत असेल, वर्गात ख्रिस्ती घर आमचं एकच. वडील एसटीत ड्रायव्हर. आमच्या मंडळीचं चर्च नगरला. आष्टीहून एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडायचा, त्यामुळे महिन्यातून एखादा रविवार जमायचा. आज आष्टीहून नगरला रेल्वे जाते. चिकाटी शिकायची तर आपल्या या रेल्वेकडूनच शिकावी! लहानपणापासून नुसती तिची बातमी ऐकली, आणि गाडी आष्टीत आली ती सप्टेंबर २०२२ मध्ये.

तेव्हा रेल्वे नव्हती आणि रविवारी वडिलांची ड्युटी असायची. मग ते पहाटे साडेचारला आम्हा भावंडांना उठवायचे. कंदिलाच्या उजेडात एक अध्याय वाचायचा, 'उपासना संगीत'मधलं एक गीत म्हणायचं, छोटी प्रार्थना करायची, आणि मग खाकी शर्ट घालून ते डेपोत. आम्ही पेंगत असायचो. त्यांनी कधी "श्रद्धा ठेवा" असं सांगितल्याचं मला आठवत नाही. गाडीवर जाण्याआधी हा माणूस झोप मोडून गुडघे टेकतो, एवढं मात्र आम्ही रोज पाहिलं.

नववीत असताना मराठीच्या बाईंनी लायब्ररीतून एक जाड पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. बाई, तुम्ही म्हणाला होता, "हे तुमच्यातलं आहे, पण आमचंसुद्धा आहे." ते वाक्य मी जपून ठेवलंय. टिळकांची भजनं मला पाठ होती, पण त्या भजनांच्या घरात काय चाललं होतं ते या पुस्तकातून कळलं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही बायकोला न सांगता. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन माहेरच्यांकडे राहिल्या. पुढे त्या नगरला नवऱ्याजवळ आल्या, तरी आपलं सोवळंओवळं सांभाळून राहिल्या. नवऱ्याचं मत हे आपलं मत, असं त्यांनी मानलं नाही. स्वतःला पटलं तेव्हा, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षं त्यांची स्वतःची होती.

आणि त्यांची चिकाटी बघा. शाळेची पायरी न चढलेली बाई. टिळक 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं ठेवून १९१९ साली गेले. सुरुवातीचे काही अध्याय त्यांचे, पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. हे वाचताना मला फक्त त्यांचा अभिमान वाटला. त्यातली मधली पाच वर्षं मी नुसती वाचून सोडली. त्याची किंमत मला पुढे मोजावी लागली.

आता माझी चूक सांगते.

मी नर्स झाले, सरकारी दवाखान्यात लागले. थोरली मुलगी सरळमार्गी, ती शिक्षिका झाली. धाकट्याला दहावीत चांगले मार्क पडले आणि माझ्या डोक्यात डॉक्टर शिरला. आयुष्यभर डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन उभी राहिलेल्या बाईच्या डोक्यात तो लवकर शिरतो. त्याला लातूरला पाठवलं. एका खोलीत चार मुलं, मेसचा डबा, पहाटेपासून क्लास. मी रोज फोनवर विचारायचे, "प्रार्थना केलीस? किती मार्क पडले?" एका दमात दोन्ही. मंडळीतही सांगून ठेवलं की याच्या नंबरासाठी प्रार्थना करा. त्याला म्हणायचे, "देवाने हुशारी दिलीय ती पुरून ठेवू नकोस. तू प्रामाणिक राहा, तो तुला वर काढेल."

२०१८ साली नीटमध्ये नंबर लागला नाही. २०१९ सालीही नाही. दुसऱ्या निकालाच्या दिवशी तो बॅग घेऊन घरी आला. मी म्हटलं, "देवाची काहीतरी योजना असेल." तो शांतपणे म्हणाला, "आई, माझ्या खोलीत एकाने पांडुरंगाला सांगितलं होतं. दुसरा पाच वेळा नमाज पढायचा. जागा तर तेवढ्याच. देवाने कुणाचं ऐकायचं? आणि मी नापास झालो म्हणजे माझी प्रार्थना कमी पडली, असंच ना?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं म्हणून मी रागावले. हे जास्त वाईट झालं. त्या रविवारपासून तो चर्चला यायचा बंद झाला.

त्या काळात मी पंडिता रमाबाईंविषयी पुन्हा वाचलं. लहानपणापासून आम्हाला त्या पूज्य. पण एक गोष्ट कुणी ठळकपणे सांगितली नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतल्यानंतरही, तिथल्या वडीलधाऱ्या धर्मगुरूंशी आणि सिस्टरांशी रमाबाईंनी पत्रांतून कडकडून वाद घातला. जे पटत नाही ते केवळ कुणी मोठं माणूस सांगतं म्हणून मानणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. श्रद्धा आणि प्रश्न त्यांच्या एकाच घरात राहत होते. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभारलं आणि मूळ हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. मनोरमा त्यांचा उजवा हात. ती १९२१ साली आईच्या आधी गेली. रमाबाईंनी हातातलं काम सोडलं नाही. भाषांतर पुरं करून एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. मी स्वतःला विचारलं, माझ्या मुलाचा नुसता नंबर गेला, तर मी एवढी का कोसळले?

उत्तर मला घरातच मिळालं, आणि ते माझ्या आईने दिलं.

आईला काचबिंदू झाला होता. मी नर्स असून माझ्या लक्षात यायला उशीर झाला, हेही इथेच कबूल करते. तिची नजर जवळजवळ गेली. रोज संध्याकाळी मी तिला एक अध्याय वाचून दाखवायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, चर्च बंद झालं आणि मी कोविड ड्युटीवर. घरी आले की बाहेरच्या खोलीत वेगळी राहायचे. मुलगा तेव्हा नगरला डीएमएलटी शिकत होता, तोही घरी आलेला. आईने त्याला हाक मारली, "बाळा, मला दिसत नाही. तू वाच. तुला विश्वास ठेवायला नाही सांगत, वाचायला सांगते."

तो वाचू लागला. मी दाराबाहेर ताट घेऊन बसलेली असायचे, ऐकत असायचे. त्याने मुद्दामच ईयोबाचं पुस्तक काढलं होतं, सगळं गमावलेल्या माणसाचं. वाचताना घाई केली की आई म्हणायची, "एक ओळ गाळलीस." तिला बरंचसं पाठच होतं. एकदा तो थांबून म्हणाला, "आजी, हा माणूस देवाशी एवढा भांडतो, आणि तरी याला पुस्तकात ठेवलं?" आई म्हणाली, "म्हणून तर ठेवलं."

दोन वर्षांत मला जे बोलता आलं नाही, ते ती चार शब्दांत बोलली.

बायबलात तीमथ्य नावाच्या तरुणाला पौल पत्र लिहितो, तेव्हा त्याच्या श्रद्धेची आठवण काढताना आधी त्याच्या आजीचं नाव घेतो, लोईस, आणि मग आईचं, युनीके. हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. त्या दारात बसल्यावर कळलं.

आणि मित्रांनो, हे फक्त आमच्यातलं आहे का? आपला वर्ग आठवा. दसरा झाला की पटावरची मुलं कमी व्हायची. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, पोरं गाडीत बसून मागोमाग. ज्यांची शाळा टिकली, त्यांची कुणामुळे टिकली? गावात मागे राहिलेल्या आजीमुळे. आपल्यातले तिघे-चौघे आज इथे समोर बसले आहेत ते त्या म्हाताऱ्यांच्या भाकरीवर शिकलेले. त्यांना गणित येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं. सहा महिने त्या जागच्या हलल्या नाहीत, एवढंच. बीड जिल्ह्याला चिकाटी कुणी शिकवली असेल तर ती या बायांनी.

मुलगा आज लॅब टेक्निशियन आहे. मागे एकदा एका रुग्णाच्या रक्ताच्या नमुन्यात गुठळी झालेली होती. तशा नमुन्यात प्लेटलेट्स खोट्या कमी दिसतात. रिपोर्ट द्यायची घाई होती. याने दिला नाही. फोन करून माणसाला बारा किलोमीटरवरून परत बोलावलं, पुन्हा रक्त घेतलं आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. मला हे त्याने सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. मी ज्याला उत्तम म्हणत होते तो नंबर होता. हा माझा मुलगा ज्याला उत्तम म्हणतो ते काम आहे.

तो आता दर रविवारी चर्चला येतो का? नाही. नाताळला येतो, ईस्टरला येतो, मधे कधी येतो. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा मंडळीसमोर उभं राहून वचन त्याने वाचलं. आवाज कापत होता, पण एकही ओळ गाळली नाही. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली. याला किती लागतील ते त्याचं त्याने आणि देवाने ठरवावं. मी प्रार्थना सोडलेली नाही. फक्त त्या प्रार्थनेला मार्कांची पुरवणी जोडणं बंद केलं.

आपल्यातले बरेच जण आता आजी-आजोबा व्हायच्या वयात आलो आहोत. तुमच्या घरी हरिपाठ असेल, कुराण असेल, आमच्याकडे बायबल आहे. माझ्या चुकीतून दोनच गोष्टी देते. मुलाने प्रश्न विचारला तर रागावू नका; रागावलात तर प्रश्न तसाच राहतो आणि मूल मात्र दूर जातं. आणि जे मुलांनी करावं असं वाटतं, ते त्यांच्या डोळ्यांदेखत आपण करा, ते पेंगत असले तरी. पहाटेचा तो कंदील मला पन्नाशीत दिसला. त्यांनाही कधीतरी दिसेल.

बाई, तुमचं ते पुस्तक मी परत केलं होतं, रजिस्टरमध्ये नोंद असेल. त्याची दुसरी प्रत आज शाळेच्या लायब्ररीसाठी आणली आहे. एखाद्या मुलीच्या हातात ठेवा.