परगावी निघालेल्या कन्येची शिदोरी



भिवंडीची आपली कन्या एम.बी.बी.एस. होऊन एम.डी.च्या प्रवेशासाठी परगावी निघते, तेव्हा पालक हळूच विचारतात : "वकीलसाहेब, धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले तर जागा जाईल काय?" मुळीच नाही! १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांस स्थान नव्हते. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपण केंद्राच्या सवलतींस मुकलो. १९९० च्या दुरुस्तीने तो अन्याय दूर झाला. अखिल भारतीय कोट्यातील पदव्युत्तर वैद्यकीय जागांत अनुसूचित जातींस १५ टक्के आरक्षण आहे. परंतु कागदावाचून हक्क सिद्ध होत नाही. तेव्हा केंद्राच्या नमुन्यातील, पूर्वाश्रमीची जात व बौद्ध धर्म नोंदलेला दाखला प्रांत कार्यालयातून वेळीच घ्या. गाडीत बसण्यापूर्वी तो पेटीत आहे ना, पाहा. धम्म लपवू नका. तो सांगूनच हक्क मागा.

जय भीम!