पांढऱ्या मनीची निगा, बर्फाच्या मुलखात

मराठी घरात मांजरीला नाव शोधत बसावे लागत नाही. ती उंबऱ्यात आली की मनी होते, बोका निघाला तर मन्या. थायलंडात पांढऱ्याशुभ्र मांजरांची एक जुनी जात आहे आणि तिचे नाव ऐकले की मराठी माणसाचे कान टवकारतात: खाव मनी. थाई भाषेत खाव म्हणजे पांढरा आणि मनी म्हणजे रत्न. हा शब्द संस्कृतातल्या ‘मणि’वरूनच तिकडे गेला. या मनीचे आपल्या मनीशी नाते काय, ते भाषापंडितांनी ठरवावे. तिचे डोळे मात्र खरोखर मण्यांसारखे असतात. कधी दोन्ही निळे, कधी दोन्ही सोनेरी, तर कधी एक निळा आणि एक घारा. या विषम डोळ्यांचेच लोकांना फार वेड.

ही जात शतकानुशतके सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, राजवाड्यातच राहिली, अशी कथा सांगतात. 1999 साली ती अमेरिकेत पोचली, आणि 2015 मध्ये ‘टिका’ या आंतरराष्ट्रीय मांजर संघटनेने तिला स्पर्धांच्या मुख्य गटात जागा दिली. उत्तर अमेरिकेत ती अजूनही विरळाच आहे. कॅनडाला दुर्मिळ मांजरांचे अप्रूप तसे नवे नाही. केसच नसलेल्या स्फिंक्स जातीची कहाणी 1966 साली टोरांटोत जन्मलेल्या एका उघड्या पिल्लापासून सुरू होते. बर्फाच्या देशाने जगाला बिनकेसांचे मांजर द्यावे, हा निसर्गाचा विनोदच म्हणायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. दुर्मिळ असते ती जात. पांढरा रंग दुर्मिळ नाही. खाव मनीला पांढरे करणारे जनुक रस्त्यावरच्या साध्या पांढऱ्या मांजरीतही तेच असते. त्याचे नाव किट. 2014 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की एका प्राचीन विषाणूचा तुकडा या जनुकात घुसून बसला आहे आणि त्यामुळे रंग बनवणाऱ्या पेशी अंगभर पोचतच नाहीत. कातडीला, केसांना रंग मिळत नाही, कधी बुबुळालाही नाही, आणि मग डोळा निळा दिसतो. गोम अशी, की या पेशींची गरज कानाच्या आतल्या शंखालाही असते. तिथे त्या नसल्या तर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच तो सुकत जातो आणि पिल्लू कायमचे बहिरे होते.

निळ्या डोळ्यांची मांजरे हमखास बहिरी असतात, असे डार्विनने 1859 साली लिहून ठेवले होते. ‘हमखास’ हा शब्द जरा जास्त झाला; नंतरच्या एका आवृत्तीत त्याने तो सौम्यही केला. आजचे आकडे असे आहेत: पांढऱ्या मांजरीचा एकही डोळा निळा नसेल, तर शंभरात 17 ते 22 बहिऱ्या, एक डोळा निळा असेल तर सुमारे 40, दोन्ही निळे असतील तर 65 ते 85. एकच निळा डोळा असलेली मांजर बहुतेकदा त्याच बाजूच्या कानाने बहिरी असते. म्हणून पिल्लाचे पैसे मोजण्याआधी विक्रेत्याकडे श्रवणचाचणीचा कागद मागावा. या चाचणीला बेअर म्हणतात. आवाज ऐकवून मेंदूत उमटणाऱ्या विजेच्या लहरी तीत मोजतात. मांजरीमागे टाळी वाजवून पाहणे ही चाचणी नव्हे. एका कानाने ऐकणारी मांजर टाळीला वळतेच, आणि ठार बहिरी मांजरही हवेच्या झोताने दचकते.

बहिरी मांजर घरात मजेत जगते. तिला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटावा किंवा दिवा एकदा चालू-बंद करावा. झोपेत असताना मागून हात लावू नये, आधी गादी थोडी दाबावी. जेवायला बोलावण्याची खूण हाताने करावी आणि घरातल्या सगळ्यांनी तीच खूण वापरावी. स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने ती मोठ्याने ओरडते. पहाटे चार वाजताच्या त्या हाकेवर मात्र डॉक्टरांकडे औषध नाही.

तिला बाहेर मोकळे सोडू नये, हा नियम कॅनडात दुपटीने लागू होतो. मागून येणारी गाडी तिला ऐकू येत नाही आणि बर्फात ती चालकाला दिसत नाही. कॅलगरीत तर मांजराने मालकाच्या आवाराबाहेर भटकणे हाच नियमभंग आहे. उणे वीस अंशांत कानांची टोके आणि शेपूट सर्वांत आधी गोठतात. आणखी एक धोका गॅरेजमध्ये असतो. गाडीच्या रेडिएटरमधले पाणी गोठू नये म्हणून घालतात त्या द्रवातले इथिलीन ग्लायकॉल चमचाभर चाटले तरी मूत्रपिंडे निकामी होतात.

थंडीची भीती सगळ्यांनाच कळते. उन्हाची मात्र थंड देशात कुणाला आठवण राहत नाही. खरे तर अतिनील किरणांचा जो निर्देशांक आज जगभर हवामानाच्या बातम्यांत सांगतात, तो 1992 साली कॅनडाच्याच शास्त्रज्ञांनी तयार केला. पांढऱ्या मांजरीच्या कानांच्या कडा, नाकाचा शेंडा आणि पापण्या यांवर ना दाट केस, ना रंगाचे कवच. वर्षानुवर्षे ऊन लागले की तिथे कातडीचा कर्करोग होऊ शकतो. सुरुवात अगदी साधी दिसते: कानाच्या टोकाला लाली, मग खपली, मग ओरखड्यासारखी न भरणारी जखम. लोक म्हणतात, भांडली असेल. घराबाहेर न पडणारी मांजर भांडणार कुणाशी? अशी खपली दोन आठवड्यांत गेली नाही तर डॉक्टर गाठावेत. वेळेत सापडले तर कानाचे टोक काढून टाकण्यावर भागते. उन्हाळ्यात भर दुपारी बाल्कनीचे दार बंद ठेवावे आणि खिडकीच्या काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावावी. माणसांचे सनस्क्रीन तिला लावू नये. ती ते चाटणारच, आणि त्यातले झिंक ऑक्साइड व सॅलिसिलेट तिला विषारी आहेत.

कॅनडातल्या मराठी घरांत मांजरीशी दिवसभर संगत असते ती बहुधा आजी-आजोबांची. डिसेंबर 2011 पासून तिथे आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना दीर्घकाळ राहू देणारा सुपर व्हिसा सुरू झाला. मुले कामावर जातात, आणि सोफ्यावर आजी, शेजारी मनी. त्यामुळे पुढचे चार शब्द थेट आजींसाठी.

बशीभर दूध हा लाड तिला सोसत नाही; मोठ्या मांजरीला दूध पचत नाही, जुलाब होतात. वरण-भातावरही तिला ठेवू नये. मांजरीला टॉरिन हा घटक अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांसात असतो. तो कमी पडला की हृदय ताणून दुबळे होते, हे 1987 मध्ये सिद्ध झाले. घर शाकाहारी असले तरी मनीचा डबा वेगळा ठेवावा. कांदा-लसणाची फोडणी तिला बाधते. आणि भारतातून नेलेल्या औषधांच्या पिशवीतली पॅरासिटामॉलची गोळी कणकण वाटली म्हणून तिला कधीही देऊ नये. तिथे या गोळीला टायलेनॉल म्हणतात. एका गोळीने मांजर मरू शकते: रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहून नेईनासे होते.

ईस्टरच्या सुमारास तिथल्या दुकानांत कुंड्यांतून पांढऱ्या लिलीची रोपे येतात. दिसायला देखणी, पण मांजरीला पान, पाकळी, परागकण, फुलदाणीतले पाणी, सगळेच घातक. पांढऱ्या अंगावर परागाचा पिवळा डाग दिसला, तर ती चाटून साफ करण्याआधी ओल्या फडक्याने पुसावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. उलटीची वाट पाहू नये.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी. परदेशातून मांजर नेताना ती तीन महिन्यांहून मोठी असेल, तर रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. ऑन्टारिओत तर घरातल्या मांजरीलाही ही लस सक्तीची आहे. नवा सोफा ओरबाडते म्हणून नखे मुळातून काढून टाकण्याची जुनी रीत मात्र विसरावी. त्यात नखाबरोबर बोटाचे शेवटचे हाडच कापले जाते. नोव्हा स्कॉशियाने 2018 मध्ये कॅनडात सर्वप्रथम ही शस्त्रक्रिया बंद केली; क्वेबेकने 2024 मध्ये केली. त्यापेक्षा सुंभ गुंडाळलेला एक खांब आणून ठेवावा.

आणि खाव मनी मिळत नसेल किंवा परवडत नसेल, तर 1887 साली स्थापन झालेली टोरांटोची ह्युमेन सोसायटी बेवारस जनावरांना आसरा देते. अशा आश्रयगृहांत पांढरी मांजरेही येतात. त्यांच्याजवळ वंशावळीचा कागद नसतो. कान, कातडी आणि गरजा मात्र त्याच.

ज्यांच्या मुला-नातवंडांकडे तिकडे अशी पांढरी मनी आहे, त्यांनी आज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर तिला कॅमेऱ्यासमोर धरायला सांगावे आणि तिच्या दोन्ही कानांची टोके नीट बघून घ्यावीत.