चीक, पाणी आणि एक खोली



शाळेत आपण सस्तन प्राण्यांची व्याख्या पाठ केली होती. पिलांना दूध पाजतात ते सस्तन प्राणी. एक गुण! त्यापलीकडचं मला कळलं ते २००८ च्या एप्रिलमध्ये, याच शुक्रवार पेठेत, माहेरी बाळंतपणाला आले तेव्हा.

पहिल्या दिवशी घट्ट, पिवळसर चीक आला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पिळून टाक गं, बाळाला बाधेल." गंमत बघा, म्हशीचा चीक मिळाला की आपण खरवस करून चार घरी वाटतो, आणि आईचा मात्र टाकून द्यायचा! नर्सबाईंनी तो पाजायला लावला. चिकात जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं भरपूर असतात. बाळाची ती पहिली लसच म्हणा. तो थोडा येतो, कारण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच लागतो. आम्ही मात्र "दूध पुरत नाही" म्हणून घाबरून गेलो होतो.

दुसरा वाद पाण्यावरून. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा! भेटायला येणारी प्रत्येक जण म्हणे, "लेकराचा घसा सुकतोय, दोन चमचे पाणी पाज." आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. पहिले सहा महिने वरचं पाणी, मध, गुटी काही लागत नाही. पाण्याने इवलंसं पोट भरतं, बाळ दूध कमी पितं आणि जुलाबाची भीती वाढते. अंगावर पिणाऱ्या बाळांना जुलाब, न्यूमोनिया, कानाची दुखणी कमी होतात. आईलाही स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो.

घरातल्या या लढाया आईच्या पाठिंब्यावर जिंकले. हरले ती ऑफिसात.

तेव्हा रजा १२ आठवड्यांची होती. पुण्याला कामावर परतले. दर तीन तासांनी छाती भरून यायची, ठणकायची. जागा एकच, स्वच्छतागृह. तिथे दूध पिळायचं आणि बेसिनमध्ये सोडून द्यायचं. पुढे मीटिंगांच्या नादात तेही टाळू लागले. शरीराचा हिशेब सरळ आहे: जितकं दूध बाहेर जाईल, तितकं नवं बनतं. माझं दीड महिन्यात आटलं. टीममध्ये सगळे पुरुष. एक खोली द्या म्हणायची मला लाज वाटली.

नंतर मुंबईच्या सायन हॉस्पिटलबद्दल वाचलं. तिथे डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आयांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, तपासतात, गोठवून ठेवतात आणि अपुऱ्या दिवसांच्या, अशक्त बाळांना देतात. जे दूध तिथे थेंबाथेंबाने जपतात, ते मी रोज नळाखाली सोडत होते.

२०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे रजा आहे. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. तुमच्यापैकी कितीतरी जण चादरी, टॉवेल, गणवेशांचे कारखाने चालवता. पन्नास माणसं नसली तरी आतून कडी असलेली एक स्वच्छ खोली, एक खुर्ची आणि एक छोटा फ्रिज, एवढं जमेल ना? काढलेलं दूध झाकणाच्या स्वच्छ भांड्यात फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. आपल्या उन्हात बाहेर मात्र ठेवू नका.

आणि आपल्यातल्या होऊ घातलेल्या सासूबाईंना, आज्यांना एक विनंती. एखादीला दूध कमी आलं, किंवा डॉक्टरांनीच वरचं सांगितलं, तर तिला टोमणे मारू नका. माझी लेक पावडरच्या दुधावरही वाढली, आता माझ्याहून उंच आहे. तरी ते बेसिन अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मागच्या वर्षी माझ्या टीममधली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली. ती परत यायच्या आत मी ऑफिसात एक खोली करून घेतली. तिला मागावी लागली नाही.