जुना वस्तरा : आपल्या धोकटीतील इतिहास
(सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपल्यापुढे जुन्या वस्तऱ्यांचा व सुऱ्यांचा संग्रह आणि अभ्यास या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली आहे. विषय ऐकून काही तरुणांच्या चेहऱ्यावर हसू उमटले. ते स्वाभाविक आहे. ज्या हत्याराने आपल्या आजोबा-पणजोबांचे पोट भरले, त्याचे नाव चारचौघांत घेताना आपल्यापैकी पुष्कळांना अजून संकोच वाटतो. परंतु संकोचापोटी फेकलेली वस्तू परत मिळत नाही, आणि आज घरोघरच्या धोकट्या भंगारवाल्याच्या तराजूत पडत आहेत. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

प्रथम शब्द पाहू. ‘वस्तरा’ हा फारसी ‘उस्तरा’ या शब्दापासून आला. ‘क्षौर’ संस्कृत. आणि वस्तऱ्याचे पोलाद? त्याला कन्नडमध्ये ‘उक्कु’ म्हणतात. युरोपात हिंदी पोलादाला जे ‘वूट्झ’ हे नाव पडले, ते याच शब्दाचे रूप असे बहुतेक अभ्यासक मानतात. फारसी, संस्कृत, कन्नड आणि मराठी या चारही भाषा आपल्या बिदर-कलबुर्गीच्या सीमेवर एकत्र नांदल्या. त्या एका धोकटीतही नांदतात.

हे पोलाद आपल्यापासून फार लांब होत नव्हते. बिदरच्या ईशान्येस, निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम् हे गाव त्यासाठी नावाजलेले होते. तेथील पोलाद विकत घेण्यास इराणचे व्यापारी येत. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी अशा पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. पुढे जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने वूट्झपासून शस्त्रक्रियेची हत्यारे व वस्तरे घडविले. १८१८ च्या सुमारास त्याने मायकेल फॅरडेबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग आरंभिले. विजेच्या शोधांमुळे जगप्रसिद्ध झालेला हाच तो फॅरडे! या प्रयोगांतील पोलादाचे वस्तरे त्याने आपल्या स्नेह्यांना भेट दिले. हलके मानलेले हत्यार केवढ्या मोठ्या हातांतून गेले, हे आपल्या मुलांना सांगावयास हवे.

नंतर काळ पालटला. शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीतल्या पोलादाची रीत बसविली होती. तिच्या बळावर शेफिल्डचा आणि पुढे जर्मनीतील झोलिंगेनचा माल जगभर पसरला. तो मुंबई-हैदराबादच्या बाजारांतून आपल्या खेड्यांपर्यंतही आला. म्हणून जुन्या धोकटीत गावच्या लोहाराने घडविलेली नराणी आणि विलायती छापाचा वस्तरा शेजारी शेजारी सापडल्यास नवल मानू नये.

आता संशोधन कसे करावे? त्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. डोळे आणि धीर हवा. पात्याच्या मागील दांडीवर छाप असतो. तारा आणि माल्टी क्रूस ही शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण. ‘व्ही आर’ ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ च्या काळाची. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असे नाव असलेला वस्तरा बहुधा त्या सुमाराचा किंवा नंतरचा समजावा. पाते पाचरीसारखे भरीव असेल तर घडण जुन्या पद्धतीची. दोन्ही अंगांनी खोल पोखरून पातळ केलेले असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा नंतरची. मूठही बोलते : शिंग व हाड जुने, सेल्युलॉइड १८७० नंतरचे. मात्र एकाच खुणेवर निकाल देऊ नये. मूठ मोडली की नवी बसवीत, पाते तेच राही.

जपणुकीबद्दल दोन गोष्टी. गंज दिसला की पॉलिशचा कागद घेऊन बसू नये. गंजाबरोबर छापही जातो, आणि छाप गेला की त्या वस्तूची वाचा गेली. मऊ फडक्याने हलके तेल लावावे. चामड्याच्या धोकटीत पाते वर्षानुवर्षे बंद ठेवू नये. चामडे ओल धरते. सेल्युलॉइडची मूठ जुनी झाली की तिच्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारची पातीही गंजतात. ती वेगळी ठेवावी. हस्तिदंती मूठ असेल तर तिचा व्यापार कायद्याने बंद आहे, हे ध्यानात असू द्यावे.

पण बंधूंनो, छापावरून कारखाना कळतो, माणूस कळत नाही. तो वस्तरा कोणी चालविला, किती घरांचे बलुते होते, खळ्यावर किती धान्य मिळे, कोणाच्या दारी आत बोलावीत आणि कोणाच्या दारी बाहेर बसवीत, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. वस्तू जाईल तेव्हा जाईल, साक्षीदार आधी जातो.

आणि आपला इतिहास काय केवळ दाढीचा आहे? बाराव्या शतकात कल्याणला बसवेश्वरांच्या निकट राहून वचने रचणारे हडपद अप्पण्णा आणि त्यांच्या पत्नी लिंगम्मा यांना या भागातील आपले बांधव पूर्वज मानतात. संत सेना महाराज बिदरच्या बादशहाच्या पदरी होते असे एक परंपरा सांगते. दुसरी त्यांना बांधवगडचे म्हणते. त्यांचे पद शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातही आहे. १६९९ साली आनंदपूरला गुरु गोविंदसिंहांच्या हाकेस शिर द्यावयास उठलेल्या पंचप्यारांपैकी भाई साहिबसिंह हे तर बिदरचेच, नाभिक कुळातले. आणि १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाही असे ठरविले. त्या दिवशी वस्तरा चालविण्यापेक्षा तो खाली ठेवण्यातच मोठेपणा होता. हातात हत्यार असणारा माणूस ‘नाही’ म्हणू शकतो, हे त्यांनी दाखविले.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी अशा घरगुती वस्तू जमवून एक संग्रहालय उभे केले. आपल्या बिदरी कामास २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मग धोकटीनेच काय पाप केले?

माझी विनंती लहान आहे. ट्रस्टच्या वाचनालयात एक काचेचे कपाट असावे आणि सोबत एक नोंदवही. वस्तू देणाऱ्याचे नाव, गाव, मूळ मालक आणि त्याची हकीकत त्याच दिवशी लिहून घ्यावी. ज्यांना वस्तू घरीच ठेवावयाची आहे त्यांनी छायाचित्र व हकीकत द्यावी. १९५६ साली राज्ये पडली तेव्हा उदगीर, निलंगा तिकडे गेले आणि भालकी, औराद इकडे राहिले; सोयरीक मात्र तुटली नाही. तेव्हा पलीकडच्या पाहुण्यांनाही विचारावे. आणि नोंद मराठीत व कन्नडमध्ये असावी, कारण आपली नातवंडे कन्नड शाळेत जातात. त्यांना वाचता येणार नाही अशी नोंद कोणासाठी ठेवावयाची?

या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर धोकटी सापडली, तर ती भंगारात देण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती द्या आणि शेजारी बसा. पुढचे संशोधन ते स्वतःच सांगू लागतील.